दादाच्या पेशी

१२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या वहीत 'मी' लिहायचं नसतं. 'द्रावण गरम केले', 'पेशी मोजल्या', एवढंच. कोणी मोजल्या, मोजताना तिचं लक्ष कुठे होतं, आदल्या दिवशी ती भावाला घेऊन हॉस्पिटलच्या बाकड्यावर किती वेळ बसली होती, याच्याशी विज्ञानाला काही घेणंदेणं नाही. म्हणून ही वेगळी वही. इथे मी मनसोक्त 'मी मी' करणार.

तर मी म्हणजे यकृताच्या पेशी वाढवायला निघालेली बाई. यकृत माणसाच्या पोटात असतं तोवर मोठं चिवट. अर्धं कापून काढलं तरी परत भरून येतं. पण त्याच्याच पेशी सुट्या करून बशीत ठेवा, लगेच रुसतात. दोन-चार दिवस फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना लागून छान बसतात, मग पसरतात, आपलं काम विसरतात आणि मरतात. वाढत मात्र नाहीत. भल्याभल्यांनी इथे हात टेकलेत. मीही टेकायच्याच बेतात होते, पण आता ती चैन परवडणार नाही, कारण दादाचं लिव्हर निकामी होत चाललंय.

दादा माझा थोरला भाऊ. मोटार चालवायला शिकवतो. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. लहानपणी कुठल्याशा सुईतून आलेली कावीळ पोटात मुकाट बसून राहिली आणि तिने इतक्या वर्षांत आतलं सगळं कातड्यासारखं निबर करून टाकलं. लोक मात्र 'जरा बेताने घ्यायची होती' अशा नजरेने बघतात. दादा म्हणतो, "एवढी बदनामी झालीच आहे तर प्यायला हवी होती गं. निदान मजा तरी आली असती." त्याला काय, तो हसतो. मला रडू येतं आणि मग रडू आल्याचाच राग येतो.

२० फेब्रुवारी

दादाचं पित्ताशय काल काढलं. खडे होऊन पिकलं होतं. सर्जन म्हणाले होते, आत जातोच आहोत तर लिव्हरचे दोन बारीक तुकडे घेऊ. एक हॉस्पिटलच्या तपासणीसाठी, आणि पेशंटची हरकत नसेल तर दुसरा तुमच्या प्रयोगशाळेसाठी. दादाने ऐटीत सही केली. "माझ्या बहिणीला हवं ते काढून द्या. फक्त उरलेलं नीट शिवा."

आमचा नियम असा, की तुकडा नळीतून येतो आणि नळीवर फक्त नंबर असतो. कोणाचा ते आम्हाला कळता कामा नये. कळलंच तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं आणि तो तुकडा दुसऱ्याच्या हवाली करायचा, म्हणजे मायेपोटी कोणी निकाल गोड करून घेणार नाही. पण काल बर्फाची पेटी घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहायची पाळी माझीच होती, आणि लिव्हरचा तुकडा निघणार होता असं ऑपरेशन काल एकच होतं. मला कळलं, हे प्रयोगशाळेत कोणाला कळलं नाही. मी मूग गिळून गप्प बसले.

सांगितलं असतं तर तुकडा शंकासुराकडे गेला असता. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो विकत आणलेल्या लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर औषधं घालून बघतो. आपलं टेबल आपल्याच जागेवर आहे की नाही, याची खात्री करूनच खुर्चीत बसणारा माणूस. त्याने दादाचा तुकडा महिनाभर गोठवून ठेवला असता आणि वर प्रश्न विचारले असते. नको रे बाबा.

शेंगदाण्याएवढा तुकडा. मला वाटलं होतं हात कापतील. छे! पेशी किती निघतात, याचीच हाव सुटली होती. थोडा तुकडा रिवाजाप्रमाणे गोठवून बाजूला ठेवला, बाकीचा विरघळवून पेशी सुट्या केल्या.

१ मार्च

हॉस्पिटलच्या तपासणीत सिरोसिस, बाकी काही नाही. स्कॅनही स्वच्छ. म्हणजे आहे तेवढंच संकट, वाढीव नाही. लिव्हर बदलावं लागणार हे ठरलं. माझा रक्तगट जुळत नाही. वहिनीचा जुळतो.

वहिनीला तपासून सर्जन म्हणाले, "अर्धं लिव्हर तुम्ही देऊ शकता, पण तुमच्यावर चरबी चढलीय. तीन महिन्यांत उतरवा, मग तारीख देतो." आता ही बाई बेकरीत कामाला. सकाळपासून केकवर क्रीमची फुलं काढायची, कडेला लागलेलं बोटाने चाटायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा धर्म. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "वन्सं, लग्न झाल्यापासून हा मला जाडी जाडी म्हणून चिडवतोय. आता माझ्याच चरबीत याचा जीव अडकलाय. बघितलीस गंमत?"

आणि तिथेच, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, पर्समधली बिस्किटं माझ्या हातात देऊन टाकली.

१३ मार्च

वाढल्या! वाढल्या! वाढल्या!

बशीच्या कडेला एक बारीकसा पुंजका होता. बाकीच्या पेशी नेहमीसारख्या मरायला टेकलेल्या, आणि हा पुंजका परवापेक्षा काल मोठा, कालपेक्षा आज मोठा. दोन होताना अर्धवट फुटलेल्या पेशी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. नव्या द्रावणाचा गुण. एवढी वर्षं त्यातला एकेक घटक कमी-जास्त करत बसले होते. मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या, सोडून द्या. आज त्यांना बोलावून दाखवलं. त्या सूक्ष्मदर्शकावरून उठायलाच तयार नव्हत्या.

शंकासुराने बघितलं आणि म्हणाला, "हं." एवढंच. जळतोय मेला.

१५ मार्च

आणखी एक नियम मोडला, निकाल पेशंटला सांगायचे नसतात. पण सांगितल्याशिवाय राहवेना. दारातूनच ओरडले, "दादा, तुझ्या पेशी वाढतायत!"

दादा पाय वर घेऊन बसला होता. पावलं सुजलीत. म्हणाला, "माझ्या? मी इथे एक जिना चढताना धापा टाकतोय, आणि त्या तिकडे माजल्यात?"

मग मी त्या दोघांना सगळं समजावून सांगितलं. अशाच वाढत राहिल्या तर भांडंभर होतील. भांडंभर झाल्या, की त्याच्या त्यालाच परत देता येतील, पोटात सोडता येतील. त्याच्याच असल्यामुळे शरीर त्यांना हाकलणार नाही. निदान बायकोचं लिव्हर मिळेपर्यंत कळ काढता येईल. अजून खूप लांब आहे ते, हेही सांगितलं. पण माझा आवाज लांबचा नव्हता, हे मलाही कळत होतं.

वहिनी काकडी चावत उभी होती. "म्हणजे मला कापायला नको?"

"तू चालणं सोडू नकोस हं," मी म्हणाले.

"बघा! म्हणजे मी अजून हिशेबात आहेच." असं म्हणून ती हसली, आणि मग एकदम मला मिठी मारून रडायला लागली. तिच्या केसांना व्हॅनिलाचा वास येत होता. मी कित्येक महिन्यांत एवढी सुखात नव्हते.

२ एप्रिल

नुसत्या वाढत नाहीत, कामही करतात. यकृताने जी प्रथिनं बनवायची ती या पेशी बनवतायत, कमी प्रमाणात, पण बनवतायत. म्हणजे आहेत त्या यकृताच्याच. मॅडमनी मोठ्या परिषदेला नाव द्यायचं ठरवलंय. त्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी तुकड्यावर हेच करून दाखवा म्हणाल्या.

गेल्या दोन आठवड्यांत तीन वेगवेगळे तुकडे आले. द्रावण तेच, हात तेच. सगळ्या मेल्या.

तुकडे शिळे असणार. थिएटरमधल्या लोकांना बर्फ म्हणजे काय ते कळत नाही. नाहीतर आमच्या घराण्यातच चिवटपणा असेल. आई शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होती.

१८ एप्रिल

बशी भरली तरी थांबत नाहीत. साध्या पेशी शेजारणीला टेकल्या की गप बसतात. या एकमेकींच्या अंगावर चढून बसतात, जागा नसेल तर थर करतात. काय हा उत्साह! मी त्यांना मोठ्या फ्लास्कमध्ये घातलं, तोही भरला. आता एक दिवसाआड खायला घालावं लागतं, म्हणजे जुनं द्रावण काढून ताजं घालायचं. लालसर असतं, त्यांनी खाल्लं की पिवळं पडतं. दुसऱ्या दिवशीच पिवळं झालेलं असतं.

शंकासुर म्हणाला, "भूक फार आहे यांना."

मी म्हटलं, "तुमच्या पोटात का दुखतंय?"

२५ एप्रिल

घरी दोघं चढाओढीने वाळतायत. वहिनीचे गाल बसलेत, गाडीतळाला फेऱ्या मारून मारून चपलांचे तळ झिजवलेत. बेकरीत ती आता मीठ घातलेलं लिंबूपाणी पिते आणि क्रीमकडे बघतसुद्धा नाही. दादाचंही वजन खूप उतरलंय. त्याला कोणी सांगितलं नव्हतं उतरवायला. उजव्या खांद्यात कळ येते म्हणतो, जेवण नको होतं. सिरोसिसमध्ये असं व्हायचंच. शिकवणी बंद केलीय. काल म्हणाला, "मी गाडीत बसलो की पोरं माझ्याकडेच बघतात, रस्त्याकडे बघत नाहीत."

मी त्याला फोटो दाखवले पेशींचे. त्याने ते भिंतीवर लावायला सांगितले. वहिनीने लावले.

३ मे

आज सूक्ष्मदर्शकातून बघताना एक विचार आला. लिहीत नाही.

दिवसभर डोकं ठणकतंय. पित्त असेल.

११ मे

जोरदार भांडण झालं. शंकासुर सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, "एक विचारू? तुमचे फ्लास्क आणि माझे फ्लास्क उबेच्या एकाच कपाटात असतात. माझ्या कॅन्सरच्या पेशी तुमच्यात शिरल्या नसतील ना? एक थेंब उडाला तरी पुरतं. अशाने मोठमोठ्या प्रयोगशाळांची तोंडं काळी झाली आहेत."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी त्याला काय काय बोलले, ते इथेही लिहिण्यासारखं नाही. घाणेरड्या हातांनी काम तू करायचं आणि डाग माझ्या अंगावर? मॅडमनी दोघांना गप्प केलं आणि ठरवलं, की डीएनए तपासून घ्यायचा. माझ्या पेशींचा, त्याच्या पेशींचा आणि आपण गोठवून ठेवलेल्या मूळ तुकड्याचा. बाहेर पाठवायचं, निकालाला तीन-चार आठवडे.

त्याच्या पेशी निघाल्या तर मी संपले. मूळ तुकड्याशी जुळल्या, तर मी जिंकले. देवा, एवढं एक कर. जन्मात परत काही मागणार नाही.

२८ मे

वहिनी पास! लिव्हर एकदम स्वच्छ. सर्जन म्हणाले, असा पेशंट दहा वर्षांत बघितला नाही. जूनच्या अखेरची तारीख मिळाली, त्याआधी दादाचं शेवटचं स्कॅन. वहिनी हॉस्पिटलातून थेट बेकरीत गेली, क्रीमचा केक आणला, आम्हाला कापून दिला आणि स्वतः बोटभरही खाल्ला नाही. "ऑपरेशन होईपर्यंत नाही," म्हणाली. "नंतर मी आख्खा खाणार, आणि हा मला जाडी म्हणणार."

दादाने घासभर खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकला. नळ सोडून ओकला, तरी ऐकू आलं. वहिनी ताटल्या विसळत राहिली.

६ जून

निकाल आला. मूळ तुकड्याशी तंतोतंत जुळतं. शंकासुराच्या पेशींचा मागमूस नाही. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. मॅडम धावत आल्या. मी शंकासुराकडे वळून म्हणाले, "आता? आता काय म्हणणं आहे साहेबांचं?"

तो म्हणाला, "अभिनंदन. मी चुकलो." आणि जागेवरच उभा राहिला. मग एक फोटो माझ्यापुढे ठेवला. त्याने गेल्या आठवड्यात माझ्या पेशींमधल्या थोड्या मागून घेतल्या होत्या, गुणसूत्रं बघायला. निरोगी पेशीत ती जोडीजोडीने असतात. या फोटोत कसलीच जोडी नव्हती. कुठे तीन, कुठे पाच, काही तुटलेली, काही भलतीकडे चिकटलेली. मी कॉलेजपासून असले फोटो बघत आलेय. असे फोटो कशाचे असतात, ते मला शिकवायला नको.

"माझ्या पेशी यात नाहीत, हे आता सिद्ध झालं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणजे हे त्या पेशंटच्या पोटातलंच आहे. तुमच्या द्रावणाने काही केलेलं नाही. या मुळातच थांबणाऱ्या नव्हत्या. हॉस्पिटलने तपासलेला तुकडा दुसऱ्या जागचा असणार, म्हणून त्यांना दिसलं नाही. या माणसाला लिव्हरचा कॅन्सर आहे आणि त्याला ते माहीत नाही. आपल्याला नाव कळत नाही, पण नंबर कळवून शोधून काढायला सांगू या. समितीपुढे जावं लागेल, पंधरा-वीस दिवस जातील, पण सांगायला तर पाहिजे ना?"

मॅडम म्हणाल्या, "पाहिजेच."

मी म्हणाले, "मला माहीत आहे तो कोण आहे."

पुढे काय बोलले ते आठवत नाही. शंकासुराने पाणी आणून दिलं. ३ मेला जे लिहिलं नाही, ते हेच होतं. लिहिलं असतं तर वाचावं लागलं असतं.

१० जून

सर्जनना सहाला संध्याकाळीच सांगितलं होतं. त्यांनी काल स्कॅन केलं, आज मला एकटीला आत बोलावलं. एक गाठ नाही, अनेक आहेत, आणि रक्तवाहिनीत शिरलंय. आता नवं लिव्हर बसवलं तर तेही दोन महिन्यांत पोखरून निघेल. अशा वेळी कोणाचं चांगलं लिव्हर कापून घ्यायची परवानगीच नाही. ऑपरेशन रद्द.

"मार्च-एप्रिलमध्ये हाती लागलं असतं, तर हेच ऑपरेशन करून बरा केला असता," ते म्हणाले. त्यांनी मला टोचून बोलायचं म्हणून सांगितलं नाही. डॉक्टर लोक बोलतात तसं बोलले.

मार्चमध्ये मी 'वाढल्या, वाढल्या' करत नाचत होते. एप्रिलमध्ये मी परिषदेत कुठली साडी नेसायची ते ठरवत होते. मॅडमना सांगितलं असतं आणि तुकडा शंकासुराकडे गेला असता, तर त्याने पहिल्याच आठवड्यात शंका घेतली असती, महिन्याभरात गुणसूत्रं बघितली असती, आणि त्यातून समितीसुद्धा एप्रिलमध्येच आटपली असती. मी लपवलं ते लपवलं, आणि ज्याचं नाव फक्त मला माहीत होतं, त्याच्याच घरी जाऊन केक खाऊन आले.

१४ जून

दादाला ऑपरेशन रद्द झाल्याचं सर्जननी सांगितलंच होतं. माझं मी आज सांगितलं. वहिनी कामावर गेली होती. भिंतीवरचे फोटो दाखवून म्हटलं, "दादा, हे तेच आहे. हे वाढत होतं म्हणून मी नाचत होते."

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "तुला एकदाही वाटलं नाही?"

खोटं बोलता आलं असतं. "एकदा वाटलं होतं."

"कधी?"

"मेच्या सुरुवातीला."

"मग?"

"मग काही नाही."

लहानपणी मी त्याला सायकलवरून पाडलं, तेव्हासुद्धा तो ओरडला नव्हता. आज ओरडला नाही, पण जे बोलला ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाला, "जा तू. मला तुझं तोंड बघवत नाही." मी चप्पल हातात घेऊनच जिना उतरले.

१७ जून

फोन आला. "ये," एवढंच.

गेले तर भिंतीवर फोटो तसेच होते. वहिनी आत झोपली होती. दादाने मला जवळ बसायला सांगितलं नाही, मीच जमिनीवर बसले.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी सांगितलंय, शेवटच्या स्कॅनमध्ये दिसलं. तेवढंच. बशीतलं काही सांगितलेलं नाही."

"का?"

"मी गेल्यावर तुम्ही दोघीच आहात. ना पोर, ना बाळ, तिच्या माहेरी कोणी नाही. हे कळलं तर ती तुला उंबरा ओलांडू देणार नाही. मग तिला रात्री-अपरात्री ताप आला तर बघणार कोण? तू मरेपर्यंत तिच्याकडे बघायचंस. समजलं? तुझी शिक्षा म्हण, काहीही म्हण."

"आणि फोटो?"

"राहू देत. काढले तर विचारेल."

मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्याने पाय काढून घेतला नाही, पण हातही ठेवला नाही.

३ जुलै

मॅडमनी लेखी खुलासा घेतला. मला पेशंटचे तुकडे हाताळायला वर्षभर मनाई. तुकड्यांना, बाकी कामाला नाही. कारण दादाच्या पेशी आता मौल्यवान आहेत. न थांबता वाढणाऱ्या, इतक्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरच्या पेशी कोणाकडेच नाहीत म्हणे. औषधं तपासायला उत्तम. दुसऱ्या प्रयोगशाळांकडून मागणी येईल. त्यांना कसं वाढवायचं ते फक्त माझ्या हाताला माहीत आहे, म्हणून माझ्याचकडे ठेवल्या. मला त्यांच्यावर ब्लीच ओतावंसं वाटतं. एक बाटली पुरेल. पण त्या माझ्या नाहीत, दादाच्या आहेत, म्हणून त्यालाच विचारायचं ठरलं.

विचारलं. तो आता हळदीसारखा पिवळा झालाय, पोट पाण्याने फुगलंय, शब्द सापडायला वेळ लागतो.

"ठेवा," म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी औषध मिळू दे." मग डोळे मिटून म्हणाला, "मिळालं तर मला येऊन सांगू नकोस म्हणजे झालं."

स्वयंपाकघरातून वहिनीने विचारलं, "काय सांगू नकोस?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "हिच्या भिकार गोष्टी."

२२ जुलै

वहिनी अजूनही फेऱ्या मारते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "डॉक्टरांचं मन पालटलं तर? माझं आपलं तयार असलेलं बरं." तिला हाताला धरून घरी आणलं, तर दारात थांबून पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. "एवढं चांगलं केलंय गं मी हे. आता याचं करू काय?"

६ सप्टेंबर

दादा परवा गेला. शेवटचे तीन दिवस आम्हाला ओळखत नव्हता. मला 'क्लच सोडा, बाई, हळू सोडा' म्हणत होता. त्याने मला माफ केलं की नाही, हे विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

वहिनीकडे राहायला आलेय. ती सारखी चहा करते आणि मोरीत ओतून देते.

२५ सप्टेंबर

आज वहिनी प्रयोगशाळेत आली. न सांगता आली. म्हणाली, "मला त्याच्या पेशी बघायच्यात. आहेत ना अजून?"

नाही म्हणता आलं नाही. तिला पांढरा कोट दिला, तो तिच्या अंगात लोंबत होता. शंकासुराने स्वतःची खुर्ची आणून दिली. मी कपाटातून फ्लास्क काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, भिंगं जुळवून दिली. ती वाकली.

"दिसतायत?"

"दिसतायत की. अगं, केवढ्या आहेत! जिवंत आहेत ना सगळ्या?"

"हो."

"हा त्याचाच भाग ना? त्याच्याच पोटातला?"

"हो, वहिनी."

तिने डोळा भिंगावरून काढला नाही. हाताने चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला. "इथे तुझ्याजवळ एवढ्या जोमाने वाढल्या," ती म्हणाली. "मग त्याच्या पोटात का नाही गं वाढल्या अशा?"

शंकासुर बाहेर निघून गेला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दादाचा शब्द होता म्हणून गिळलं, की स्वतःसाठी गिळलं, ते मला माहीत नाही.

"काय माहीत, वहिनी," मी म्हणाले.

तिने फ्लास्कमधल्या पिवळ्या पडलेल्या द्रावणाकडे बोट केलं. "हे असं का झालंय?"

"भूक लागलीय त्यांना. आज खायला घालायचा दिवस आहे."

"मग घाल ना. उपाशी नको ठेवूस."

मी जुनं काढून टाकलं आणि ताजं घातलं. ती माझ्या खांद्याला टेकून उभी होती, होईपर्यंत बघत होती.